अलर्ट मेलमधली वेळ साडेपाच तास मागे येतेय? कोडमधे साडेपाच तास मिळवायच्या आधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाड्याने घेतलेल्या उबंटू सर्व्हरवर ऑर्डर घ्यायचं छोटं सॉफ्टवेअर डॉकरमधे चालतं (डॉकर म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवायची सोय), पेमेंट अडकलं किंवा डिस्क भरत आली की आपोआप मेल येतो. मेल इनबॉक्समधे दुपारी २:०५ ला आलेला दिसतो पण आत मजकुरात वेळ ०८:३५ लिहिलेली असते. सर्व्हरचा टाइमझोन बदलून बघितला, त्यानंतर डिस्कवाले मेल सुधारले, पेमेंटवाले मात्र तसेच राहिले. आता डेव्हलपर म्हणतोय की कोडमधे साडेपाच तास मिळवून टाकतो, विषय संपला. तर मिळवू द्यायचे का?

नका मिळवू देऊ. का ते सांगतो, पण आधी प्रॉब्लेम नक्की कुठे आहे ते बघू, कारण "टाइमझोन चुकलाय" म्हटलं की सगळे सर्व्हरच्या सेटिंगकडे धावतात आणि तुमचा सर्व्हर आत्ता बरोबर आहे, डिस्कवाले मेल सुधारले हाच पुरावा. भानगड अशी आहे की एका घटनेची वेळ मेलपर्यंत पोचेस्तोवर चार-पाच हातांतून जाते: डेटाबेस, तुमचा प्रोग्राम, तो ज्या कंटेनरमधे चालतो तो कंटेनर, क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम) किंवा जॉब चालवणारं जे काही असेल ते, आणि शेवटी मेल सर्व्हर. या प्रत्येकाला स्वतःचा वेगळा टाइमझोन असू शकतो. मधे कुठेतरी एकाने वेळ पुढे दिली पण ती कुठल्या झोनमधली आहे हे सांगितलंच नाही, आणि पुढच्याने ती आपल्या झोनची समजून घेतली किंवा तशीच छापली. तो हात कुठला हे शोधायचं, बाकी सगळं सोपं आहे.

आधी इनबॉक्स बरोबर आणि मजकूर चूक असं का होतं ते. मेलला डेट नावाचं हेडर असतं, त्यात वेळेबरोबर यूटीसीपासूनचा (यूटीसी म्हणजे जगाची मूळ प्रमाणवेळ, आपण तिच्या साडेपाच तास पुढे) फरक लिहावाच लागतो, आरएफसी ५३२२ या मेलच्या मानकाचा नियमच आहे तो. म्हणजे "१४:०५:०० +०५३०" किंवा "०८:३५:०० +००००", दोन्ही क्षण एकच. तुमचा फोन हा फरक वाचतो आणि तुमच्या घड्याळाप्रमाणे दाखवतो. पण मजकूर म्हणजे नुसती अक्षरं, त्यातल्या ०८:३५ ला कोणी हात लावत नाही. त्यामुळे सर्व्हर यूटीसीवर असो नाहीतर टोकियोवर, इनबॉक्स बरोबरच दिसणार. तुमच्या बाबतीत इनबॉक्स बरोबर आहे आणि मजकूर बरोब्बर साडेपाच तासांनीच चुकतोय म्हणजे सर्व्हरचं घड्याळ नीट चालू आहे, तेव्हा एनटीपीच्या (घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्यायची सोय) मागे लागू नका, तिकडे काही सापडणार नाही.

खात्री करायची असेल तर जीमेलमधे मेल उघडून तीन टिंबांवर "शो ओरिजिनल" करा. वर रिसीव्हड नावाच्या ओळी दिसतील, त्या खालून वर वाचायच्या, सगळ्यात खालची पहिली. प्रत्येक सर्व्हर स्वतःच्या झोनमधे वेळ टाकतो, आणि जीमेलचे सर्व्हर कॅलिफोर्नियाची टाकतात, त्यामुळे तिथे -०७०० किंवा -०८०० दिसलं तर घाबरू नका, ते तुमचं नाही. सगळ्या वेळा यूटीसीत आणून बघा, काही सेकंदांचा फरक असेल तर वाट साफ आहे. मधे एखाद्या ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं गेली असतील तर मेल रांगेत अडकला होता किंवा समोरच्या सर्व्हरने अनोळखी म्हणून "जरा वेळाने परत ये" सांगितलं होतं. तो उशीर आहे, टाइमझोनशी त्याचा संबंध नाही. लोक या दोन गोष्टी फार मिसळतात.

माझ्याकडे अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा एकच विचारतो, फरक नक्की किती आहे. "वेळ चुकतेय" यातून काही कळत नाही, फरकाचा आकडा मात्र बरंच सांगतो.

साडेपाच तास मागे म्हणजे यूटीसी तशीच छापली गेली. शंभरातले बहुतेक लोक इथेच असतात, तुम्हीही. साडेपाच तास पुढे म्हणजे दोनदा मिळवली, एकाने बरोबर बदल केला आणि दुसऱ्याने ती यूटीसीच आहे समजून पुन्हा केला. बरोब्बर अकरा तास मागे असेल तर कोणीतरी चिन्ह उलटं घातलंय, हे पुढे सांगतो. अर्धा तास चुकत असेल तर कुठेतरी फरक पूर्णांकात ठेवलाय, साडेपाचचे पाच किंवा सहा झालेत. बारा तास चुकत असेल, तेही फक्त दुपारनंतर, तर झोनचा काही संबंधच नाही, जावामधे मोठ्या लिपीतल्या एचएचच्या (२४ तासांचं घड्याळ) जागी छोटा एचएच (१२ तासांचं) लिहून एएम-पीएम छापलेलं नसतं. साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे असेल तर न्यूयॉर्कचा झोन, उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. अडीच तासाचा फरक बहुतेक कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमधून येतो, त्यावर शेवटी बोलू.

आणि तेवीस मिनिटं! हा फरक पहिल्यांदा बघणारा माणूस चक्रावतो. पायथनमधे पायटीझेड लायब्ररीचा झोन घेऊन तो थेट डेटटाइमच्या टीझेडइन्फोमधे टाकला की +५:३० ऐवजी +५:५३ लागतो, कारण ती लायब्ररी त्या झोनची सगळ्यात जुनी नोंद उचलते, आणि ती आहे कलकत्त्याची स्थानिक वेळ. देशाची एक प्रमाणवेळ १९०६ मधे सुरू झाली, त्याआधी शहरांची आपापली वेळ होती, मुंबईने तर स्वतःची एकोणचाळीस मिनिटं मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. म्हणजे तुमचा २०२५ सालचा अलर्ट ब्रिटिशांच्या काळातल्या कलकत्त्याच्या घड्याळावर चालू शकतो. उपाय: लोकलाइझ वापरा, किंवा सरळ झोनइन्फो वापरा, ते पायथन ३.९ पासून आतच आहे.

अजून एक गंमत. मेलमधे १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० अशी वेळ आली तर टाइमझोन एकदम बरोबर आहे, वेळच मिळालेली नाही. शून्य आलं, त्याचं भारतीय वेळेत रूपांतर झालं. आणि फरक सात मिनिटं, नऊ मिनिटं असा काहीही असेल, पंधराच्या पटीत बसत नसेल आणि वरच्या तेवीसमधेही नसेल, तर मग घड्याळ सरकलंय, तेव्हा एनटीपी बघा.

आता तुमची केस. डिस्कवाला मेल सर्व्हरवरच्या साध्या क्रॉन स्क्रिप्टमधून जातो, ती दर वेळी नव्याने सुरू होते म्हणून तिला नवा झोन लगेच मिळाला. पेमेंटवाला मेल तुमच्या ॲपमधून जातो आणि ॲप, तुम्ही लिहिलंय त्यावरून, डॉकरमधे आहे. कंटेनर सर्व्हरचा टाइमझोन घेत नाही. घड्याळ तेच वापरतो पण झोन स्वतःचा, आणि काही सांगितलं नसेल तर यूटीसी. त्यामुळे तुम्ही बाहेर टाइमडेटसीटीएल कमांडने कितीही वेळा एशिया/कोलकाता करा, आत काही हलणार नाही. कंटेनरच्या आत शिरून डेट कमांड द्या, तिथे यूटीसी दिसेल याची मला जवळजवळ खात्री आहे.

डॉकर नसतं तरी एक गोष्ट बघायला सांगितली असती, झोन बदलल्यावर सर्व्हिस रिस्टार्ट केली का. बरेचसे प्रोग्राम सुरू होताना एकदा झोन वाचतात आणि मग तोच धरून बसतात. जावा तसं करतं, खुद्द क्रॉनचा डीमनही (मागे सतत चालू असणारा प्रोग्राम) तसं करतो. झोन बदलून क्रॉन रिस्टार्ट केला नाही तर सकाळी नऊचा जॉब दुपारी अडीचला पळतो आणि माणूस म्हणतो की टाइमझोन बदलूनही काही झालं नाही.

कंटेनरला झोन द्यायचा तर कंपोज फाइलमधे (डॉकरची सेटिंग्ज लिहायची फाइल) टीझेड हा व्हेरिएबल एशिया/कोलकाता असा लिहायचा. इथे तीन खड्डे आहेत आणि तिन्ही वाईट, कारण एरर येत नाही, गुपचूप चुकीची वेळ मिळते.

पहिला, इमेजमधे (ज्या साच्यातून कंटेनर बनतो तो) टीझेडडेटा हे झोनच्या फाइल्सचं पॅकेजच नसतं. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या मूळ इमेजमधे नाही, वेगळं टाकावं लागतं. उबंटू-डेबियनच्या बारीक केलेल्या इमेजमधे ते नसेल तर डेट कमांड यूटीसीची वेळ दाखवते आणि पुढे झोनच्या जागी नुसतं "एशिया" लिहिते. असं दिसलं की समजायचं, नाव वाचलं पण फाइल सापडली नाही. एशिया/पुणे किंवा एशिया/मुंबई लिहिलं तरी हेच होतं, असे झोन अस्तित्वातच नाहीत. एशिया/कलकत्ता मात्र बऱ्याच ठिकाणी चालतं, ते जुनं नाव अजून ठेवलंय (नव्या उबंटू-डेबियनमधे त्यासाठी टीझेडडेटा-लेगसी हे वेगळं पॅकेज लागतं), काही ब्राउझर तर अजून तेच सांगतात, तिथे काही बिघडलेलं नसतं.

दुसरा, नुसतं आयएसटी लिहिणं. अमेरिकेचं ईएसटी चालतं म्हणून लोकांना वाटतं आयएसटीही चालेल. नाही चालत, त्या नावाची फाइल नाही. पण लिनक्स काय करतं तर वेळ यूटीसीची ठेवतं आणि शेजारी आयएसटी छापतं! म्हणजे मेलमधे "०८:३५ आयएसटी" असं येतं, आणि वाचणारा ते खरं मानतो. चुकीच्या वेळेपेक्षा हे वाईट, कारण आता ती खात्रीने चुकीची आहे. वर आयएसटी हे इस्रायलचं आणि आयर्लंडचंही संक्षिप्त रूप आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसला सेशनचा (चालू जोडणीचा) झोन यूटीसी असताना "१४:०० आयएसटी" अशी वेळ वाचायला दिली तर तो मूळ सेटिंगप्रमाणे ती इस्रायलची धरतो, आणि तुमची घटना साडेतीन तास पुढे सरकते. त्यामुळे मी संक्षिप्त रूप कुठल्याही कॉन्फिगमधे ठेवत नाही. माणसांसाठी मजकुरात चालेल, मशीनला द्यायचं नाही.

तिसरा, टीझेडमधे यूटीसी+५:३० लिहिणं. बघायला अगदी बरोबर वाटतं. पण पॉसिक्सच्या (युनिक्स-लिनक्सच्या मानकाच्या) पद्धतीत चिन्ह उलटं असतं, तिथे अधिक म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला. त्यामुळे तुम्ही अटलांटिक पार करता आणि भारताच्या अकरा तास मागे जाता. वर म्हटलं ते अकरा तासांचं कोडं हेच.

म्हणजे आतापर्यंत एवढं झालं: घड्याळ बरोबर, सर्व्हर बरोबर, कंटेनर यूटीसीवर, आणि तुमचं ॲप कंटेनरची वेळ झोन न लावता मजकुरात छापतंय. आता डेव्हलपरच्या साडेपाच तासांकडे येतो.

मिळवायला नको असं का म्हणतो. आज कंटेनर यूटीसीवर आहे म्हणून बेरीज बरोबर येईल. सहा महिन्यांनी दुसरा कोणी येईल, वर सांगितल्याप्रमाणे टीझेड नीट करेल, आणि त्या दिवसापासून अलर्ट साडेपाच तास पुढे. ते शोधताना त्याचं डोकं फिरेल, कारण सगळी सेटिंग्ज बरोबर दिसतील. तराजूचा काटा चुकतोय म्हणून दर गिऱ्हाइकाला अंदाजाने थोडं जास्त घालत राहण्यासारखं आहे हे, काटा दुरुस्त झाला की दुकानदार बुडतो. दुसरं म्हणजे बेरीज केली तरी त्या वेळेवरचं लेबल तसंच राहतं. प्रोग्राम मनात तिला यूटीसीच समजतो आणि कुठे पूर्ण स्वरूपात छापली तर १४:०५ पुढे +००:०० असं येतं. आणि सगळ्यात त्रासदायक, ही सरकवलेली वेळ मेलपुरती राहत नाही. कोणीतरी तेच फंक्शन "गेल्या दहा मिनिटांत किती पेमेंट अडकली" या क्वेरीत वापरतो, मग क्वेरी भविष्यातल्या ऑर्डर शोधते, सापडत नाहीत, आणि अलर्टच बंद पडतो. चुकीच्या वेळेचा अलर्ट परवडला, न आलेला नाही परवडत.

मी काय करतो ते सांगतो. प्रोग्रामच्या आत वेळ कायम यूटीसीत आणि कायम झोनसकट. पायथनमधे यूटीसीनाऊ हे फंक्शन वापरू नका, ते यूटीसीची वेळ देतं पण ती यूटीसीची आहे हे लिहीत नाही, आणि ३.१२ पासून ते वापरू नका असं पायथनवालेच सांगतात. डेटटाइम.नाऊ ला यूटीसी झोन देऊन घ्या. मग मेलचा मजकूर बनवताना, अगदी शेवटच्या ओळीत, झोनइन्फोने एशिया/कोलकातात बदला आणि छापताना फरकही छापा, उदाहरणार्थ "१४ जुलै २०२५, १४:०५:३२ +०५:३०". मजकुरातली वेळ कोणी बदलून देणार नाही, तेव्हा ती कुठली हे तिच्या शेजारीच लिहिलेलं हवं. आणि दोन वेळा द्या, घटना कधी घडली आणि मेल कधी तयार झाला. मेल रांगेत अडकला असेल तर वाचणाऱ्याला तिथेच कळतं, हेडर उघडावं लागत नाही.

असं केलं की कंटेनर कुठल्या झोनवर आहे याने फरक पडत नाही. तरी टीझेड लिहायचा की नाही? हे परिस्थितीवर आहे. एकच सर्व्हर, सगळे वाचणारे महाराष्ट्रात, रात्री लॉग बघणारा माणूसही एकच, तर सगळं भारतीय वेळेवर ठेवा आणि बिनधास्त राहा. "सर्व्हर यूटीसीवरच हवा" असं लोक फार ठणकावून सांगतात, त्यामागचं मोठं कारण म्हणजे अमेरिका-युरोपात नोव्हेंबर-ऑक्टोबरमधे घड्याळ मागे घेतात तेव्हा एक तास दोनदा येतो आणि लॉगमधे कुठला आधीचा कुठला नंतरचा कळत नाही. आपल्याकडे घड्याळ मागेपुढे होत नाही, त्यामुळे तो धोका नाही. पण सर्व्हर दोन-तीन झाले, त्यातला एक परदेशात असला, किंवा प्रोमिथियससारखं सर्व्हरवर नजर ठेवणारं काही लावायचं असेल, तर यूटीसीवर राहा. प्रोमिथियस मुद्दाम आतून सगळीकडे यूटीसीच वापरतो, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, शेवटच्या टेम्प्लेटमधे बदल करा.

डेटाबेस तेवढा तपासून घ्या. पोस्टग्रेस असेल तर कॉलम "टाइमस्टॅम्प विथ टाइमझोन" आहे का बघा, नसेल तर तिथे नुसते आकडे पडलेत आणि ते कुठल्या झोनचे हे फक्त लिहिणाऱ्यालाच माहीत. मायएसक्यूएलमधे टाइमस्टॅम्प प्रकार सेशनच्या झोनप्रमाणे बदलून देतो आणि डेटटाइम प्रकार टाकलं तसंच परत देतो, एकाच टेबलात दोन्ही असले की एक कॉलम बरोबर आणि एक चूक असा मेल येतो. तिथे कन्व्हर्ट-टीझेड वापरून एशिया/कोलकाता नाव दिलं आणि वेळेच्या जागी रिकामं आलं तर झोनची टेबलं भरलेली नाहीत, +०५:३० दिलंत तर चालेल.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत पण तुमच्याकडे असणारच ते. तारीख. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात यूटीसीची तारीख कालची असते. दिवसभर सगळे वेळेकडे बघतात, तारीख बरोबर असते म्हणून कोणाला शंका येत नाही. पण "आजच्या ऑर्डर" असा रोजचा मेल रात्री एकला जात असेल तर तो यूटीसीप्रमाणे चालू असलेल्या, म्हणजे आपल्या कालच्या तारखेचा हिशोब "आजचा" म्हणून काढतो. किंवा सकाळी दहाला गेला तरी मध्यरात्र ते साडेपाचच्या ऑर्डर त्यात नसतात, त्या आदल्या दिवसात मोजल्या जातात. रोजच्या बेरजेत कोणी बघत नाही, पण १ एप्रिलच्या पहाटे आलेली ऑर्डर ३१ मार्चला गेली की ती आदल्या आर्थिक वर्षात गेली, आणि मग सीएचा फोन येतो. त्यामुळे दिवस "एशिया/कोलकातातला मध्यरात्र ते मध्यरात्र" असा ठरवा, ते दोन क्षण यूटीसीत बदला आणि त्यांच्यामधलं काढा. चाचणीही दुपारी दोनच्या वेळेने घेऊ नका, ती पास होईल. १ एप्रिल, पहाटे १:०० ही वेळ द्या, म्हणजे यूटीसीत ३१ मार्च, १९:३०, आणि मेलमधे तारीख काय येते बघा. त्यासाठी सर्व्हरचं घड्याळ बदलू नका, प्रोग्रामला ती वेळ बाहेरून द्या.

शांत वेळेचंही असंच. "रात्री ११ ते सकाळी ६ साधे अलर्ट पाठवू नको" असं लावलं आणि ते यूटीसीने मोजलं जात असेल तर पहाटे साडेचार ते सकाळी साडेअकरा शांतता मिळते. म्हणजे मध्यरात्री फोन वाजतो आणि सकाळी दुकान उघडायच्या वेळी काही कळत नाही. अलर्टमॅनेजरमधे (प्रोमिथियसचे अलर्ट पाठवणारा भाग) या वेळा मूळात यूटीसीच असतात, लोकेशन म्हणून वेगळं द्यायची सोय आहे, ती वापरा.

वेळापत्रकाचा झोन आणि मजकुराचा झोन या वेगळ्या गोष्टी आहेत हे धरून चाला. रेडहॅट घराण्यातल्या क्रॉनमधे क्रॉन-टीझेड लिहिता येतं, पण त्याने जॉब कधी पळायचा ते बदलतं, जॉबच्या आतली वेळ नाही. डेबियन-उबंटूच्या क्रॉनवर त्याचा भरवसा धरू नका. स्क्रिप्ट हाताने चालवली की बरोबर आणि क्रॉनने चालवली की चूक असं होत असेल तर तुमचा टीझेड बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंगच्या फाइलमधे लिहिलेला असतो आणि क्रॉन ती फाइल वाचतच नाही. कुबरनेटिसच्या (अनेक कंटेनर सांभाळणारी प्रणाली) क्रॉनजॉबला टाइमझोन देता येतो, १.२७ पासून ते पक्कं झालंय. ॲमेझॉनच्या इव्हेंटब्रिजचे जुने रूल यूटीसीवरच पळतात, २०२२ मधे आलेल्या शेड्यूलरमधे झोन देता येतो.

आणि न्यू जर्सीत क्लायंट असेल, त्याला त्याच्या सकाळी आठला मेल हवा असेल, तर भारतीय वेळेने संध्याकाळी ६:३० असं बसवू नका. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून त्याचे आठ म्हणजे आपले ५:३० होतात, मग मेल त्याला नऊला मिळतो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आपोआप परत बरोबर होतो. तोवर तुम्ही काहीतरी दुरुस्त केलेलं असतं आणि ते बिघडतं. वेळापत्रकालाच अमेरिका/न्यूयॉर्क झोन द्या. इंग्लंडच्या तारखा वेगळ्या, मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार, त्यामुळे दोघांना एकच फरक धरून चालत नाही.

तुमचं ॲप जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधे असेल असा माझा अंदाज आहे, तर दोन गोष्टी. वेब पानावर वेळ बरोबर आणि मेलमधे चूक, कारण युजरचा झोन मिडलवेअरमधे (प्रत्येक वेब रिक्वेस्टवर चालणारा कोड) चालू केलेला असतो आणि मेल सेलरीच्या (मागच्या मागे कामं करणारी सोय) वर्करमधून जातो, तिथे रिक्वेस्टच नसते, मग सेटिंगमधला झोन लागतो आणि तो नव्या प्रोजेक्टमधे यूटीसी असतो. दुसरं, टेम्प्लेटमधे टाकलेली वेळ जँगो बदलून देतं पण कोडमधल्या एफ-स्ट्रिंगमधे टाकलेली बदलत नाही. म्हणून काहींना मजकूर बरोबर आणि सब्जेक्ट साडेपाच तास मागे असा मेल येतो, तो बघून माणसाचा विश्वासच उडतो. पीएचपीवाल्यांचं दुखणं याच जातीचं, वेबसाठीची आणि कमांड लाइनसाठीची पीएचपी.आयएनआय ही सेटिंगची फाइल वेगळी असते, एकीत झोन लिहिलेला असतो आणि क्रॉन दुसरी वापरतो.

अडीच तासांचं राहिलं. तुमच्याकडे नसेल पण याच प्रश्नाखाली सोसायटीच्या कॅमेऱ्यांबद्दल एकाने विचारलंय म्हणून लिहितो. चिनी बनावटीच्या बऱ्याच रेकॉर्डरमधे झोन मूळात +८ असतो. बसवणारा माणूस घड्याळ हाताने दुपारी २ करून जातो, झोन तसाच. मग मेलच्या मजकुरात आणि चित्रावर २:०० दिसतं, पण डेट हेडरमधे "१४:०० +०८००" जातं म्हणून तो मेल ११:३० चा दिसू शकतो. तुमच्या अगदी उलट, मजकूर बरोबर आणि इनबॉक्स चूक. दिसू शकतो असं म्हटलं कारण काही मेल प्रोग्राम हेडरची वेळ दाखवतात, काही पोचल्याची, थंडरबर्डमधे तर दोन्हीचे वेगळे कॉलम आहेत. आणि एनटीपी चालू केलं की घड्याळ एकदम ४:३० होतं, मग लोक एनटीपी बंद करतात. झोन +५:३० करा, मग एनटीपी चालू करा, याच क्रमाने.

शेवटचं, जुना डेटा. कॉलममधे झोनसकट वेळ असेल तर काहीच करायचं नाही, क्षण बरोबर आहेत, फक्त छपाई चुकत होती. पण नुसते आकडे असतील आणि तुम्ही आता टीझेड बदलून कंटेनर रिस्टार्ट केला असेल, तर एकाच कॉलममधे आधी यूटीसी आणि नंतर भारतीय वेळ असं मिश्रण झालंय. सगळ्या टेबलावर सरसकट साडेपाच तासांचा अपडेट मारू नका. ऑर्डर नंबरच्या क्रमाने वेळा बघत जा, नंबर सलग आहेत पण दोन ऑर्डरच्या मधे वेळ अचानक साडेपाच तासांनी उडी मारते ती जागा शोधा, डिप्लॉयच्या लॉगशी ताडून बघा. त्याच्या आधीच्या ओळीच तेवढ्या दुरुस्त करायच्या, तेही बॅकअप घेऊन आणि कॉलमचा प्रकार त्याच वेळी बदलून.

एवढं करूनही जमलं नाही तर तीन गोष्टी लिहा: कंटेनरच्या आतल्या डेट कमांडचं उत्तर, चुकलेल्या एका मेलचं डेट हेडर, आणि त्याच ऑर्डरची डेटाबेसमधली ओळ कॉलमच्या प्रकारासकट. सर्व्हरचं नाव, आयपी आणि ग्राहकाचा मेल आयडी खोडून टाका.